‘दोन पैसे’ दोन्ही चित्रपटांत ‘दोन पैसे’च हवेत : मराठी डबिंग करवून घेणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
परदेशी कौटुंबिक चित्रपट मराठीत आणणाऱ्या वितरण कंपन्या, ओटीटी वाहिन्या आणि डबिंग स्टुडिओ यांस,

विषय : गाजलेल्या बालकथेचा पुढचा भाग मराठीत आणताना घ्यायची काळजी

स.न.वि.वि.

डबिंगसाठी संवाद लिहिणारे, गाणी लिहिणारे आणि आवाजांचे दिग्दर्शन करणारे असे आम्ही काही जण हे पत्र लिहीत आहोत. मागणी एकच आहे. जुन्या, लाडक्या बालकथेचा पुढचा भाग मराठीत करायला घ्याल तेव्हा आधीचा भागही सोबत घ्या, दोन्हींसाठी शब्दांची यादी एकच ठेवा आणि लेखन थेट मूळ इंग्रजीवरून करून घ्या. हिंदी संहिता समोर ठेवून तिचे मराठी करायचे, ही पद्धत मारधाडीच्या चित्रपटात कशीबशी निभावून जाते. पुढच्या भागाची सगळी गंमत मागच्या भागाच्या आठवणीवर उभी असते, आणि ती आठवण एकेका शब्दात साठवलेली असते. तो शब्द बदलला की प्रसंग पडद्यावर दिसतो, पण मनाला लागत नाही.

हे मोघम वाटू नये म्हणून एकाच चित्रपटावर दाखवतो : ‘मेरी पॉपिन्स रिटर्न्स’, २०१८, दिग्दर्शक रॉब मार्शल, लांबी १३० मिनिटे, नवी गाणी नऊ. मेरी पॉपिन्स म्हणजे मुले सांभाळायला येणारी जादूई बाई. पी. एल. ट्रॅव्हर्स यांचे तिच्यावरचे पहिले पुस्तक १९३४ सालचे. १९८८ पर्यंत या मालिकेत आठ पुस्तके झाली. पहिला चित्रपट १९६४ मध्ये आला. त्याची गोष्ट १९१० च्या लंडनमध्ये घडते. पुढच्या भागात १९३५ साल आहे, मंदीचा काळ आहे. तेव्हाची लहान भावंडे जेन आणि मायकल आता मोठी झाली आहेत. मायकलची बायको वारली आहे, पदरात ॲनाबेल, जॉन आणि जॉर्जी ही तीन मुले आहेत, आणि कर्ज फिटले नाही तर शुक्रवारी मध्यरात्री घर बँकेच्या ताब्यात जाणार आहे.

आता त्या दोन पेन्सच्या नाण्यांकडे या. १९६४ च्या चित्रपटात सेंट पॉल कॅथीड्रलच्या पायऱ्यांवर बसलेली म्हातारी पक्ष्यांना घालायचे दाणे विकते, पिशवी दोन पेन्सला. छोट्या मायकलला आपले पैसे तिला द्यायचे असतात, वडील मात्र त्याला ते बँकेत भरायला नेतात. म्हातारा बँकर, थोरला डॉज, ते पैसे त्याच्या हातातून हिसकावतो, पोरगा ‘माझे पैसे परत द्या’ म्हणून ओरडतो, आजूबाजूच्या खातेदारांना वाटते की बँक पैसेच देत नाही, आणि एकच झुंबड उडते. त्यापायी वडिलांची नोकरी जाते. चोपन्न वर्षांनी आलेल्या पुढच्या भागात, घर हातचे जाणार अशा अगदी शेवटच्या क्षणी त्या बँकरचा मुलगा, धाकटा डॉज, येतो आणि मायकलला सांगतो की ते दोन पेन्स तुझ्या वडिलांनी बँकेत ठेवले होते आणि आता त्यांचे एवढे झाले आहेत की कर्ज सहज फिटेल. हा धाकटा डॉज साकारला आहे डिक व्हॅन डाइक यांनी, म्हणजे १९६४ मध्ये ज्यांनी थोरला डॉज केला होता त्यांनीच. सगळा शेवट त्या एका शब्दावर टांगलेला आहे.

मराठीत या शब्दाचे काय होते पाहा. एक लेखक पहिल्या भागात ‘दोन पेन्स’ लिहितो, दुसऱ्या भागाचा दुसरा लेखक ‘दोन नाणी’ लिहितो, गाण्यात मात्रा बसत नाहीत म्हणून तिसरा ‘कवडी’ घालतो. तीन शब्द झाले आणि धागा तुटला. आमच्या मते इथे एकच शब्द चालतो : ‘दोन पैसे’. मूळ इंग्रजी शब्द ‘टपन्स’, त्याच्या मधोमध ‘प’ आहे, तिथे ओठ मिटतात. ‘दोन पैसे’ म्हणतानाही ‘पै’ला ओठ मिटतात, तेव्हा जवळच्या शॉटमध्येही तो तोंडावर बसतो. अर्थाने तर तो त्याहून चांगला बसतो. ‘दोन पैसे गाठीला असावेत’ असे म्हणणाऱ्या घरातल्या मुलाला या शेवटाचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही. लंडनमध्ये पैसे कुठले, अशी शंका कुणी काढेल. मराठीत ‘पैसे’ हे नाण्याचे नावही आहे आणि धनाचे सर्वसाधारण नावही आहे, त्यामुळे ते तिथे खटकत नाही. पौंड, शिलिंग मात्र तसेच ठेवा, त्यांचे रुपये करू नका.

असाच दुसरा धागा पतंगाचा. पहिला भाग पतंग उडवण्याने संपतो, आणि दुसऱ्या भागात मेरी पॉपिन्स त्याच पतंगाची दोरी धरून आभाळातून उतरते. ज्याच्या जोरावर घर वाचू शकते ते, घरभर शोधूनही न सापडलेले शेअर सर्टिफिकेट धाकट्या जॉर्जीने पतंगाला डकवलेले असते. कारण त्या कागदाच्या पाठीवर मायकलने कुटुंबाचे चित्र काढलेले होते आणि मुलाच्या लेखी ते चित्रच होते. इथे ‘ठिगळ’ हा शब्द आधी पेरून ठेवायला हवा. जॉर्जी पतंग दुरुस्त करतो तेव्हा कुणाच्या तरी तोंडी ‘ठिगळ’ आला, तर शेवटी पतंग उजेडात धरल्यावर ‘ही ठिगळं बघा’ एवढे तीन शब्द पुरतात. पेरलेच नसेल तर शेवटी लांबलचक खुलासा लिहावा लागतो, आणि तेवढी जागा शॉटमध्ये नसते.

हिंदी संहितेवरून काम केल्यास सर्वांत मोठे नुकसान होते ते संबोधनांत. इंग्रजीत सगळ्यांना एकच सर्वनाम. हिंदी लेखक त्याचे ‘आप’ की ‘तुम’ हे त्याच्या भाषेच्या रीतीने ठरवतो, आणि मराठी लेखक त्याच्या मागे जातो. पण मेरी आणि मायकल यांचे नाते मराठीत वेगळ्या प्रकारे अवघड आहे. तिने त्याला लहानपणी सांभाळले आहे, आता तो घरचा मालक आहे आणि ती पगारी नोकर म्हणून पुन्हा त्याच्याच दारात उभी आहे. ती त्याला ‘तू’ म्हणेल की ‘तुम्ही’? आम्ही सुचवतो ते असे : मुलांसमोर, घरकाम करणाऱ्या एलनसमोर, परक्यांसमोर ‘तुम्ही’, आणि जिथे ती त्याला पूर्वीसारखे दटावते, तिथे ‘तू’. हे बदल संहितेत ठरवून, मोजकेच ठेवायचे. चार-पाच जागा पुरेत. त्या प्रत्येक जागी मोठा झालेला मायकल क्षणभर पुन्हा सात-आठ वर्षांचा होतो. इंग्रजी अभिनेत्याला हे चेहऱ्याने करावे लागते, मराठीत ते एका सर्वनामानेही होते. जे आपल्या भाषेत फुकट मिळते आहे ते घालवू नये.

‘तोंड मिट, आपण कॉड मासा नाही’ अशा अर्थाचे मेरीचे एक वाक्य पहिल्या भागात आहे. पुढच्या भागात तेच वाक्य मोठ्या मायकलला ऐकवताना ती त्यात ‘अजूनही’ची भर घालते. मराठी ‘आपण’ इथे अगदी घट्ट बसतो. आपल्या शाळेतल्या बाई म्हणायच्या, ‘आपण वर्गात बोलत नाही’, तोच हा ‘आपण’. माशाचे काय करायचे? ‘कॉड’ने मुलाला काहीच कळत नाही. ‘बोंबील’ हसवेल खरा, त्याचे तोंडही तसेच उघडे असते, पण तो शब्द आला की मायकलच्या घराची चेरी ट्री लेन एकदम ससून डॉकला जाऊन पोहोचते. साधा ‘मासा’ पुरे. फक्त दोन्ही चित्रपटांत ‘मासा’च हवा.

नात्यांचे शब्दही असेच. जेन ही मुलांची आत्या. ‘आंटी’ लिहिलेले आम्हाला मुळीच चालणार नाही. ‘आत्या’ या एका शब्दाने ती वडिलांची बहीण आहे हे पहिल्या मिनिटात कळते. टॉप्सी ही मेरीची नात्यातली. इंग्रजीला एक शब्द पुरतो, आपल्याला मामेबहीण, मावसबहीण, आतेबहीण, चुलतबहीण यांतले एक निवडावे लागते आणि निवडले की नसलेली माहिती आपण घुसडतो. ‘लांबच्या नात्यातली बहीण’ म्हणावे. आणि मेरी पॉपिन्सला मुले कायम पूर्ण नावाने हाक मारतात. तिची मेरीताई किंवा मेरीमावशी करण्याचा मोह कृपया आवरा. ती कुणाचीही नातलग नाही, वारा बदलला की ती जाणार आहे.

आता त्या अंगाईकडे. आई गेलेल्या तीन मुलांना निजवताना मेरी हरवलेल्या गोष्टी कुठे जातात याचे गाणे म्हणते. पुढे मुलेच ते गाणे आपल्या खचलेल्या वडिलांना म्हणून दाखवतात. हिंदीतून आले तर ‘खोई हुई चीज़ें’ होणार, आणि त्याचे मराठी ‘हरवलेल्या वस्तू’. झाले, गाणे संपले. वस्तू म्हणजे छत्री, पेन्सिल, मोजा. आई वस्तूंत मोडत नाही. मराठीत नपुंसकलिंग आहे, हिंदीत ते नाही. ‘हरवलेलं सारं’ म्हटले की त्यात मोजाही येतो, आवाजही येतो, वासही येतो, आणि नाव न घेता आईही येते. ‘वस्तू’सारखा कुठलाही नामशब्द न वापरता हे गाणे लिहिता येते, आणि ते तसेच लिहायला हवे. लिहिताना ते दोनदा गायले जाणार आहे हेही धरून चाला : एकदा मोठ्या बाईच्या आवाजात, एकदा मुलांच्या. जोडाक्षरे मुलांच्या गळ्यातून तुटक येतात. ‘स्मृती’, ‘विस्मरण’ असले शब्द टाळा. ‘आठवण’ बिनजोडाक्षरी आहे आणि गाताना पाहिजे तेवढा लांबवता येतो.

ओठांचा हिशेब थोडक्यात. प, फ, ब, भ, म या अक्षरांना ओठ मिटतात, आणि प्रेक्षकाचे डोळे तेवढेच पकडतात. बाकीचे स्वर थोडे इकडेतिकडे झाले तरी चालते. सेकंदाला २४ चौकटी असतात; ओठ मिटणे दोन-तीन चौकटींनी हुकले तर जवळच्या शॉटमध्ये ते खुपते. मराठी वाक्य क्रियापदाने संपते, आणि ‘आहे’, ‘नाही’, ‘होतं’ या सगळ्यांना तोंड उघडे राहते. इंग्रजी वाक्य मात्र मिटलेल्या ओठांवर थांबू शकते. शेवटच्या फुग्यांच्या गाण्याचे उदाहरण घ्या. त्याचे धृपद ‘वर’ या अर्थाच्या शब्दावर संपते आणि त्याच्या अखेरीस ‘प’ आहे. त्याच्या आधीचा शब्द ‘ब’ने सुरू होतो. ‘वर’ घातले की ओठ मिटतच नाहीत, ‘आकाशात’ने तर नाहीच. इथे ‘मग झेप’ घालून पाहा : ‘म’ने ओठ मिटून उघडले, ‘प’ने पुन्हा मिटले, अवयवही (एका झटक्यात उच्चारायचे तुकडे) दोनच. पूर्ण ओळ ‘तळही गाठला, मग झेप’. मूळ ओळीत सहा अवयव आहेत, इथेही सहाच. असा शब्द सापडायला कधी दहा मिनिटे लागतात, कधी दोन दिवस. वेळ मागतो तो यासाठी.

दिवे लावणाऱ्या जॅकला काय म्हणायचे, हा प्रश्न पहिल्याच मिनिटाला येतो, कारण चित्रपट त्याच्या गाण्यानेच उघडतो. तो स्वतःला ‘लिरी’ म्हणवतो. हा स्कॉटिश शब्द आहे. ‘दिवटा’ म्हणू नका, मराठीत तो वाया गेलेल्या मुलासाठी वापरून वापरून बिघडला आहे. ‘दिवाबत्ती’ मात्र नगरपालिकेच्या कागदांत आजही जिवंत आहे, म्हणून संवादात ‘बत्तीवाला’ आणि गाण्यात दोन अवयवांची जागा असेल तिथे नुसते ‘बत्ती’. त्याची बोली ही लंडनच्या कष्टकऱ्यांची आहे. तिच्यासाठी मालवणी किंवा वऱ्हाडी घालून हशा मिळवण्याची सवय सोडायला हवी; त्या बोली बोलणारी मुलेही हा चित्रपट पाहणार आहेत. लालबाग-परळच्या चाळींतली भरभर, शब्द कापत जाणारी शहरी मराठी जॅकला शोभेल. समोरचा बँकर विल्किन्स अतिशय सभ्य, थंड ‘आपण’ वापरून बोलेल. दोघांमधले अंतर तेवढ्याने कळते.

बत्तीवाल्यांची एक सांकेतिक भाषा आहे. तिचे तंत्र साधे आहे : मूळ शब्द काढून त्याच्याशी यमक जुळणारी जोडी घालायची. ही जोडी भाषांतरित करता येतच नाही, नवीच घडवावी लागते. जिना म्हणजे ‘धने-पुदिना’, पाय म्हणजे ‘दूध-साय’, डोके म्हणजे ‘पत्र्याचं खोकं’ आणि डोके म्हणताना ‘डोकं’च म्हणायचे, नाहीतर यमक जाते. नियम दोनच. जोडी आली त्याच क्षणी पडद्यावर त्या गोष्टीकडे हात किंवा नजर जायला हवी, आणि यमक मूल एका ऐकण्यात पकडेल इतके ठसठशीत हवे. या जागी अर्थ सांगत बसलेले भाषांतर आम्ही नापास समजतो.

चिनी मातीच्या भांड्यावरच्या चित्रांत शिरून नाचण्याचा प्रसंग हाताने काढलेल्या ॲनिमेशनचा आहे. अशा चित्रांची तोंडे साधी असतात, तिथे ओठांची सवलत मिळते. ती सवलत मिळते म्हणून शेजारच्या माणसांकडे दुर्लक्ष होते. लक्ष माणसांवरच ठेवा. त्यातल्या गाण्याच्या धृपदाचा आशय आपल्याकडे म्हणीच्या रूपात तयार आहे : दिसतं तसं नसतं. ‘दिसतं तसं नसतं रे’ केले की सात अवयव होतात आणि शेवटचा ‘रे’ उघडा, लांबवण्याजोगा. याच गाण्यात जॅकचा धावत्या चालीचा लांब तुकडा आहे. त्यासाठी लेखकाने तमाशातली बतावणी ऐकावी. तिची भाषा उचलायची नाही, गोष्ट मूळ लंडनच्या नाटकघरातली आहे. उचलायची ती दमाची जागा आणि झटकन उत्तर देण्याची लय. तत्सम शब्द या वेगात जीभ अडकवतात.

लेखन उत्तम झाले तरी रेकॉर्डिंगमध्ये काम बिघडू शकते. संगीत आणि ध्वनींचा ट्रॅक हाती आला की आधी तो पूर्ण ऐका. मूळ आवाजांबरोबर पुसले गेलेले श्वास, हुंकार, मुलांचे हसणे, दोऱ्या ओढतानाचे कण्हणे यांची वेळेनुसार यादी करा आणि ती संहितेतच चिकटवा. नाहीतर मुले पडद्यावर हसताना दिसतात आणि ऐकू काहीच येत नाही. गाणाऱ्याचा आणि बोलणाऱ्याचा आवाज वेगळा घेणार असाल तर गायकाची निवड आधी करा आणि त्याच्याशी जुळणारा बोलणारा नंतर शोधा. उलट केले तर प्रत्येक गाण्याच्या तोंडाशी सांधा ऐकू येतो. रेकॉर्डिंग ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटमध्ये करा, आणि बोलण्यातून गाण्यात शिरतानाची शेवटची ओळ गायकाकडूनही बोलवून घ्या.

ॲनाबेल, जॉन आणि जॉर्जी यांचे आवाज मुलांचेच हवेत. मोठ्या बायकांनी बारीक आवाज काढणे हा मार्ग इथे नको, कारण गाण्यात तो उघडा पडतो. मुलांसाठी नियम स्पष्ट आहेत : दिवसात पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही, जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, आणि मानधनातले किमान २० टक्के मुलाच्या नावे मुदत ठेवीत. आमच्या मते मायक्रोफोनसमोर सलग ४० मिनिटे ही मुलाची खरी मर्यादा आहे. त्यानंतर ‘स’ आणि ‘श’ एक होऊ लागतात. जॉनच्या वयाचा मुलगा निवडताना त्याचा आवाज फुटण्याच्या बेतात नाही ना, हे ऐका. मुलांची सगळी गाणी पहिल्या आठवड्यात उरकून घ्या. डागडुजीसाठी दोन महिन्यांनी बोलावाल तर तोच मुलगा दुसऱ्याच आवाजात येईल.

वेळेचे आमचे माप असे. संवादलेखन दिवसाला आठ ते दहा मिनिटांच्या चित्रपटाचे, म्हणजे साधारण १५ कामाचे दिवस. नऊ गाण्यांना प्रत्येकी दोन ते तीन दिवस, आणि ती संगीतावर गाऊन पाहूनच मंजूर करायची, कागदावर वाचून नाही. शब्दयादी त्याआधी, दोन्ही चित्रपट दोनदा पाहून, चार दिवसांत. लेखक आणि गीतकार यांची नावे मराठी आवृत्तीच्या श्रेयनामावलीत आवाज देणाऱ्यांबरोबर यावीत, हीही मागणी आहे. चुकांची जबाबदारी घ्यायला आम्हाला नाव लागते.

कंत्राट देण्याआधी चाचणीसाठी तुम्ही नेहमी एखादा विनोदी संवाद देता. त्याऐवजी हे तीन तुकडे द्या : मायकल आणि मेरीची पहिली भेट, अंगाईचे पहिले कडवे, आणि धाकट्या डॉजचे बँकेतले बोलणे. तिसऱ्या तुकड्यासोबत १९६४ च्या चित्रपटातला बँकेचा प्रसंगही जोडा. ज्या लेखकाने दोन्हीकडे तोच शब्द वापरला असेल, त्यालाच काम द्या.

कळावे,
आपले,
मराठी डबिंगचे संवादलेखक, गीतकार आणि आवाजदिग्दर्शक